पलीकडच्या डोंगराची ओळ

शोभनाताईंनी व्हीलचेअरचा पट्टा ओढून बकल लावलं, आणि कृष्णरावांनी लगेच डाव्या हाताने ते चाचपून पाहिलं. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता. गेल्या आठवड्यात ते खुर्चीतून उठायला गेले आणि डायनिंग टेबलापाशी कोसळले, तेव्हापासून हा पट्टा. स्वतःच्या नवऱ्याला स्वतःच्या हाताने बांधून ठेवायचं म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर यायचं. पण करणार काय? मिशिगनमधल्या नोव्हायच्या त्या घरात दिवसभर ही दोघंच.

"थोडा वेळ हं," त्या म्हणाल्या. "अकराला रीमा येईल."

कृष्णरावांना कळलं की नाही, देव जाणे. पाच महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला आणि बोलणं गेलं ते गेलंच. तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक डिझाइन केलेला माणूस. मीटिंगमध्ये ते बोलायला लागले की भलेभले गप्प बसायचे. आता त्यांना साधं 'पाणी' म्हणता येत नव्हतं.

उरलं होतं फक्त एक गाणं, आणि तेही मेलं आपल्याकडचं नव्हे. लग्नाआधी कृष्णराव दोन वर्षं स्वित्झर्लंडला एका कारखान्यात ट्रेनिंगला होते, तिथलं योडलिंग. आवाज छातीतून निघायचा आणि मध्येच उडी मारून टाळूला लागायचा. पूर्वी बाथरूममध्ये ते हे सुरू करायचे, तेव्हा लहानगी इला कानात बोटं घालून बसायची. आता खुर्ची मागच्या काचेच्या दारापाशी नेली, वसाहतीतलं तळं आणि पलीकडची घरं दिसली, की ते गाणं यायचंच. एक ओळ म्हणायचे, थांबायचे. पुन्हा तीच ओळ, पुन्हा थांबायचे. तिसऱ्यांदा झालं की चेहरा कसनुसा व्हायचा आणि खुर्चीचा हात धरून उठायची धडपड सुरू.

शोभनाताईंनी करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. बोलून न येणारे शब्द कधीकधी गाण्यातून येतात, असं स्पीच थेरपिस्ट रीमाने सांगितलं होतं. म्हणून आरत्या झाल्या, भावगीतं झाली, पाढेसुद्धा झाले. कृष्णराव डोळे मिटून घ्यायचे. मग त्यांच्याच गाण्याला उत्तेजन द्यावं म्हणून ते थांबले की त्या "वा!" म्हणायच्या, बैठकीत द्यावी तशी मान हलवून दाद द्यायच्या. त्यावर ते आणखीच कावायचे. पुढची ओळ आठवत नाही, त्याची लाज वाटून चिडतात, असं शोभनाताईंनी मनाशी पक्कं केलं होतं. डॉक्टरांनी कागदावर 'अस्वस्थता' लिहिलं आणि झोपेची अर्धी गोळी सुरू केली.

आणि आज इव्हॅल्युएशन होतं. प्रगती दिसली तर इन्शुरन्स आणखी तीन महिने थेरपी देणार, नाहीतर सोमवारपासून बंद. रीमा मिशिगनमध्येच वाढलेली, मराठी तोडकंमोडकं बोलायची, पण पोरगी जिवाला जीव देणारी. तिने यातून एक वाट काढली होती. शब्द नाही आला तरी चालेल. त्यांनी आपणहून, कोणाची मदत न घेता, पाच मिनिटांत तीनदा आवाज काढला, तर तिला 'संवाद सुरू करतात' असं लिहिता येणार होतं. आंटी, तुम्ही मध्ये काही म्हणायचं नाही, मग ते काउंट होत नाही, हे तिने दोनदा बजावलं होतं. म्हणजे सगळी भिस्त त्या गाण्यावर.

साडेदहाला जर्सी सिटीहून इलाचा फोन आला. तीन आठवडे ती ऑफिस सांभाळून त्या गाण्याच्या मागे लागली होती. गाण्याचे शब्द सापडले तर बाबांना शब्द सापडतील, असं तिच्या मनाने घेतलं होतं. शेवटी विस्कॉन्सिनमधल्या एका स्विस मंडळातल्या ट्रूडी नावाच्या शहाऐंशी वर्षांच्या बाईंनी तिला काल फोन केला आणि तासभर सगळं सांगितलं.

शब्द नंतरचे, ट्रूडीबाई म्हणाल्या होत्या. गायी, फुलं, डोळ्यांत पाणी आणणारं गाव, हे सगळं एका शाळामास्तरांनी मागाहून घातलं. मग रेकॉर्ड निघाली, आणि लग्नात, जत्रेत, हॉटेलात गाणं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. पण त्याआधी ती नुसती हाक होती. उन्हाळ्यात गुरं वर डोंगरात न्यायची, प्रत्येक डोंगरावर एकटा माणूस. संध्याकाळी धारा काढून झाल्या की या डोंगरावरच्याने एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. दुसरी ओळ दरीपलीकडच्याची. रेकॉर्डवर मधली शांतता परवडत नाही म्हणून दोन्ही ओळी एकमेकींना जोडून टाकल्या, तेव्हापासून ते थांबणं लोक विसरले. वरच्या वाड्यांतले म्हातारे तेवढे जुन्या पद्धतीने म्हणत. बाबांचे तिथले घरमालक तसल्याच एका वाडीतले होते.

"आई, बाबा विसरत नाहीयेत," इला म्हणाली. "ही इज वेटिंग."

शोभनाताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि तीनदा म्हणून उत्तर आलं नाही तर?"

"तर समोरच्याला काहीतरी झालंय," इला म्हणाली. "मग आपण उठून शोधायला जायचं."

शोभनाताई सोफ्यावर बसल्या. पाच महिने हा माणूस कोणालातरी शोधायला उठत होता, आणि आपण 'वा!' म्हणून दाद देत होतो. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. ट्रूडीबाईंनी थरथरत्या आवाजात म्हणून पाठवलेली दुसरी ओळ इलाने फोनवर चार वेळा लावली. शोभनाताईंना गळा नव्हता. भिशीत कोणी गा म्हटलं की त्या चहा टाकायला पळायच्या. तरी ओळ डोक्यात बसली.

"पण आज नको हं, आई. रीमा गेल्यावर म्हण. आधी फॉर्म होऊ दे."

ते त्यांना कळत होतं. हो, म्हणाल्या.

रीमा आली. तिने कप दाखवला, किल्ली दाखवली, इलाचा फोटो दाखवला. कृष्णराव नम्रपणे बघत राहिले, तोंडातून अक्षर नाही. मग तिने खुर्ची काचेच्या दारापाशी नेली, टायमर लावला आणि मागे सरकून उभी राहिली.

मिनिटभराने पहिली हाक आली. रीमाने कागदावर खूण केली. कृष्णराव मान किंचित कलती करून तळ्याकडे बघत होते. पाच महिने शोभनाताईंनी हा चेहरा पाहिला होता, पण नीट आज पाहत होत्या. माणूस कान देऊन ऐकत होता.

दुसरी हाक आली, जरा मोठ्याने. रीमाने दुसरी खूण केली आणि शोभनाताईंकडे बघून भुवया उंचावल्या. आणखी एक, बस. एका हाकेत तीन महिने होते. कदाचित त्या तीन महिन्यांत 'पाणी' येईल, 'इला' येईल. कदाचित आपलंही नाव येईल, ही आशा त्यांनी कोणाला बोलून दाखवली नव्हती.

कृष्णरावांचा डावा हात खुर्चीच्या हातावर गेला, बोटं पांढरी पडली. ते घाबरले होते. स्वतःसाठी नव्हे, पलीकडे जो कोणी होता त्याच्यासाठी. तिसऱ्या हाकेसाठी त्यांनी श्वास भरून घेतला.

शोभनाताईंनी ओळ म्हटली.

सूर कुठल्या कुठे गेला, वरच्या जागी आवाज फाटला. तरी त्या शेवटपर्यंत गेल्या. रीमाचं पेन हवेतच राहिलं.

कृष्णरावांनी मागे वळून पाहिलं नाही. भरलेला श्वास हळूहळू सोडला, तळ्यापलीकडे बघून एकदा मान हलवली, आणि पाठ टेकून बसले. टायमर चालूच होता. तीन मिनिटं गेली, चार गेली.

"आंटी, परत म्हणतील ना?" रीमाने विचारलं.

"नाही गं. आता कशाला म्हणतील?"

टायमर वाजला. रीमाने कागद उलटा केला, सुलटा केला, दोन खुणांकडे बघत राहिली. खोटं लिहिणाऱ्यातली ती नव्हती, आणि तसं लिही म्हणण्याचं बळ शोभनाताईंमध्ये नव्हतं. आपण काय करून बसलो ते त्यांना पुरतं उमगलं होतं, आणि पुन्हा तीच वेळ आली असती तरी आपण तेच केलं असतं, हेही. रीमा जवळ येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

"आय अॅम सो सॉरी, आंटी. सोमवारपासून मी..."

शोभनाताईंनी तिचा हात धरला.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "गोळीशिवाय झोप लागलीय त्यांना."