चाळीस मिनिटांची लेजेंड

सेजलकडे दिवसाची चाळीस मिनिटं होती. सकाळी साडेआठला ती सर्वणहून डिचोलीला औषधांच्या दुकानात कामाला जायची आणि अडीचला परत यायची. तोवर शेजारची सुलोचना काकी बाबांजवळ बसायची. बाबांना जेवण भरवून, कूस बदलून झाली की ते तीनच्या सुमारास झोपायचे. पुन्हा जाग यायची ती पावणेचारला. मधला वेळ तिचा.

बाबा, म्हणजे रघुनाथ, तरुणपणी सावंतवाडीकडून गोव्यात सुर्ल्याच्या खाणीवर मशीन चालवायला आले आणि इथलेच झाले. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आई त्याआधीच वारली होती. व्यायाम करून करून बाबा आता काठी टेकत, सेजलच्या खांद्यावर हात ठेवून, अंगणातल्या तुळशीपर्यंत जायला लागले होते. तोंडातून एखाददुसरा शब्द फुटायचा.

त्या चाळीस मिनिटांत सेजल मोबाईलवर गेम खेळायची. पाच जणांचा संघ विरुद्ध पाच जण. कॉलेजात असताना ती यात भलतीच तरबेज होती. पेडण्याचा साईश तेव्हाचा तिचा जोडीदार. एक दिवस त्याचा फोन आला.

"पणजीत स्पर्धा आहे. पाचवी जागा रिकामी आहे. पण महिनाअखेर लेजेंड या वरच्या श्रेणीला पोचलेलेच घेणार, तसा नियमच आहे."

"साईश, लोक दिवसाला सहा तास खेळतात. मी दोन मॅच खेळते."

"मग दोनच जिंक," तो म्हणाला.

तिने ते मनावर घेतलं. दहा पात्रं खेळायचं सोडून एकच धरलं. पहिली मॅच हरली तर दुसरी खेळण्याआधी उठून पाणी प्यायची, म्हणजे रागाने खेळ बिघडत नसे. हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग ती येताना बसमध्ये बघायची आणि चूक कुठे झाली ते शोधायची. गर्दीत मोबाईलवर डोळे लावून बसलेली ही मुलगी काय अभ्यास करते ते कुणाला कळत नसे. तीन आठवड्यांत ती इतकी वर चढली की साईशच म्हणाला, "तुझी चाळीस मिनिटं मला दे, माझे सहा तास तू घे."

बाबांना हे सगळं ठाऊक होतं. कधी जाग आली तर ते तिला खुणेने बोलावून स्क्रीन दाखवायला लावायचे आणि डाव्या हाताच्या बोटाने तिचं नाव शोधायचे.

महिन्याचा शेवटचा दिवस शनिवार होता. एक विजय हवा होता. पहिली मॅच नेटवर्क गेल्याने हातची गेली. दुसरी सुरू केली तेव्हा साडेतीन वाजले होते. ती बाहेरच्या खोलीत, कानांत इअरफोन घालून बसली होती. बारा मिनिटं झाली तरी निकाल लागेना. तेवढ्यात आतून चमचा पेल्यावर आपटल्याचा आवाज आला. बाबांना काही हवं असलं की ते तसं वाजवत.

"येतंय बाबा! दोन मिनिटां!" ती ओरडली.

पेला आणखी एकदा वाजला. मग थांबला. बाबा थांबले, असं तिला वाटलं. किंवा तसं वाटून घेतलं. दोनाची सहा मिनिटं झाली. शेवटचा हल्ला तिनेच परतवला आणि स्क्रीनवर सोनेरी अक्षरं उमटली. लेजेंड. तिने इअरफोन काढले. घर अगदी शांत होतं.

बाबा खाट आणि भिंतीच्या मध्ये पडले होते. लघवीला एकट्याने उठायचा प्रयत्न केला असावा. धोतर भिजलं होतं. डोळे उघडे होते, पण ते ओरडले नव्हते.

मांडीच्या हाडाचा खुब्याजवळ चुरा झाला होता. हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, "कसे पडले?"

"मी मागीलदारी कपडे धूत होते," सेजल म्हणाली. बाबा स्ट्रेचरवर होते. ऐकत होते.

काकीलाही तिने तेच सांगितलं. साईशने चार फोन केले, तिने एकही उचलला नाही.

पाचव्या दिवशी हॉस्पिटलात ती बाबांना पेज भरवत होती. त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि ओठ जुळवायला लागले. तिला वाटलं, पाणी हवं. पाणी नको होतं. बऱ्याच प्रयत्नांनी शब्द बाहेर आला.

"जि... जिकलंस?"

तिने चमचा वाटीत ठेवला.

"होय बाबा."

अर्ध्या तोंडाने ते हसले. मनगट दोनदा थोपटलं आणि दमून डोळे मिटले.

सेजल बाहेर व्हरांड्यात आली. काकी बाकावर बसून डब्यातले उंडे पाव कागदात गुंडाळत होती. सेजलने तिथेच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. कपडे नव्हते, मागीलदार नव्हतं, पेला दोनदा वाजला होता.

काकीने डब्याला झाकण लावलं. मग म्हणाली, "त्याका म्हायत आसा?"

"आधीपासून."

"मगे माका कित्याक सांगतंस? त्याच्याकडे जा नि त्याका सांग."

ती आत गेली. बाबा झोपले होते. ती त्यांच्या उशाशी बसली आणि ते जागे होईपर्यंत थांबली. जाग आल्यावर तिने सांगितलं, "बाबा, मी पेलो ऐकलंय. तरी उठलंय नाय." त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की पुरे झालं म्हणण्याची, ते तिला कळलं नाही.

बाबा पुन्हा चालले नाहीत. पणजीला साईशने दुसऱ्या मुलीला नेलं; ते पहिल्याच फेरीत हरले. नवा हंगाम सुरू झाला तशी नियमाप्रमाणे सगळ्यांचीच श्रेणी खाली आली, सेजलचीही. तिने गेम उघडून पाहिलाच नाही, साईशने कळवलं. दुपारी तीन ते पावणेचार ती आता बाबांच्या खाटेजवळ चटईवर आडवी होते. झोप येत नाही. बाबांच्या श्वासाचा आवाज ऐकत राहते.