पाण्याकाठचं जोडपं

आदिलाबादच्या बसस्टँडमागं देवाजीचा फोटो स्टुडिओ होता. चैत्रात बायको, रुक्माबाई, काविळीनं गेली आणि तेरवीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं स्टुडिओ उघडला. लोक म्हणाले, मोठ्या धीराचा माणूस. धीरबीर काही नव्हता. त्याला काही वाटतच नव्हतं. भूक लागली की जेवायचा, गिऱ्हाईक आलं की फोटो काढायचा.

पंच्याण्णव सालच्या थंडीत हैदराबादच्या एका कंपनीचा मॅनेजर आला. धरणाच्या पाण्याकाठी बंगल्यांचे प्लॉट पाडले होते, त्यांच्या जाहिरातीचं पुस्तक छापायचं होतं. बंगला अजून एकही उभा नव्हता. काठावर नुसते चुन्याचे पट्टे होते. मॅनेजरनं हिंदीत समजावलं, की लोक जमीन घेत नाहीत, सुख घेतात, तेव्हा फोटोत सुख दिसलं पाहिजे. देवाजीनं मान हलवली.

हैदराबादहून येणारे मॉडेल आलेच नाहीत. मग मॅनेजरनं पाटबंधारे ऑफिसातले क्लार्क चंपतराव आणि त्यांची शिक्षिका बायको मालनबाई यांना गळ घातली. गेस्टहाऊसातून वेताच्या खुर्च्या आणि कपबश्या आणल्या. मालनबाईंना कंपनीचीच रेशमी साडी नेसवली. साडीला किमतीची चिठ्ठी तशीच होती. ती पदरात दडवली.

दोघं पाण्याकडं तोंड करून बसली, पण परीक्षेला बसल्यासारखी. मॅनेजर "हंसिये, हंसिये" म्हणून थकला. पूर्वी देवाजीनं काहीतरी बोलून त्यांना मोकळं केलं असतं. आज तो कॅमेऱ्यामागं नुसता उभा राहिला. अर्धा रोल वाया गेला. मॅनेजर वैतागून जीपकडं सिगारेट ओढायला गेला.

तेवढ्यात मालनबाईंनी विचारलं, "भाऊ, वैनी कशा हायेत? आमच्या लग्नाच्या फोटोत पदराला पिन त्याइनंच लावून देली होती."

"गेल्या," देवाजी म्हणाला. "चैत्रात."

मालनबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. त्या पाण्याकडं पाहू लागल्या. चंपतरावांनी कधी चारचौघांत बायकोला हात लावला नसेल. त्यांचा हात आपसूक तिच्या हातावर गेला. देवाजीनं बटण दाबलं. एकदा, मग अजून एकदा.

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर तो फोटो आला. खाली तेलुगूत आणि इंग्रजीत लिहिलं होतं, की इथं मन निवांत होतं. मॅनेजर भलता खूश झाला. असा चेहरा सांगून येत नाही, म्हणाला. त्यानं ठरल्याप्रमाणं पैसे दिले. प्लॉट काही विकले गेले, काही तसेच पडून राहिले.

होळीच्या सुमारास मालनबाई फोटोची प्रत मागायला आल्या. देवाजीनं पाकिटात घालून दिली. त्या जाता जाता दारात थांबल्या.

"भाऊ, राग नका मानू. तवा तसं सांगून तुमी लगेच फोटो कसा काय काढला?"

देवाजीनं खरंच आठवून पाहिलं.

"उजेड चांगला होता," तो म्हणाला.

मालनबाईंनी पाकीट पिशवीत ठेवलं आणि त्या निघाल्या. पुढचं गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी आत येऊन बसलं होतं. देवाजीनं त्याला कॉलर नीट करायला सांगितली.