माझा कान पुसला तो दिवस

मी म्हैस बोलतेय, आणि तक्रारीनंच सुरुवात करते. मला दुखत होतं, मी ते सांगितलं, पण कोणी खरं मानलं नाही. म्हशीनं सांगायचं तरी कसं? लाथ मारून. मी मारली. दुधाची चरवी लवंडली. "माजली आहे," असं म्हणून सगळे मोकळे झाले.

आता माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट, हे मी लपवत नाही. जन्म माझा अनसिंगचा. जात नागपुरी, शिंगं पाठीमागे गेलेली, लांबलचक. आईचं दूध पिताना मधे आलेल्या कुत्र्याला मी वगार असतानाच उडवलं होतं. पुढे आसेगावच्या इंद्रभाननं मला विकत घेतलं. त्याची बायको प्रयागबाई दारात भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. मी तुकडा खाल्ला आणि तिच्या पदराचं टोकही चावलं. ती हसून म्हणाली, "हे माह्याच वळणाची दिसते."

खरंच होतं ते. ती तोंडानं फटकळ, मी पायानं. ती धार काढायला बसली की मला शिव्या घालायची आणि मी मुकाट पान्हा सोडायची. दुसऱ्या कोणाचा हात मी कासेला लागू दिला नाही. सोयाबीनचं कुटार, सरकीची ढेप, दुपारी नाल्यातला चिखल. चांगलं चाललं होतं.

मग विनोद आला. प्रयागबाईच्या बहिणीचा मुलगा, कारंज्याला राहतो, जनावरांचे विमे काढतो.

"मावशी, म्हशीचा विमा काढून टाक."

"जित्या म्हशीचं मरण मांडून ठेवाचं, अन् वरून आपणच पैसे भराचे? कायले?"

"मरणाचं नाई वो, भरोशाचं हाय ते. काई झालं त कंपनी पाहून घेते."

"काई झालं म्हंजे काय? आजारी पडली तरी?"

विनोद मोबाइलमध्ये बघत होता. "सगळंच येते त्याच्यात," तो म्हणाला.

"पोरगा शिकेल हाय," इंद्रभान म्हणाला. "भरून टाक. औषधपाण्याची त चिंता मिटन."

माझा कान टोचून त्यात पिवळा बिल्ला अडकवला गेला. मी विनोदला शिंग दाखवलं, पण तो चपळ निघाला.

त्यानंतर एक पावसाळा गेला, आणि माझी कास दुखू लागली. आधी नुसती गरम, मग दगडासारखी कडक. प्रयागबाईचा हात लागला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. म्हणून ती लाथ. तिनं माझ्या पाठीत काठी घातली. "ढोंग करून राह्यली," ती म्हणाली. शेजारची ललिताबाई कुंपणावरून म्हणाली, "लाडावून ठेवली तूनं. उपाशी ठेव, येईन वठणीवर." मला उपाशी ठेवण्याची गरज पडली नाही. मी स्वतःच वैरण सोडली आणि एका सकाळी खाली बसले ती उठलेच नाही.

तेव्हा मात्र दोघं घाबरली. "डॉक्टरले आणा," प्रयागबाई म्हणाली. "आनतो न. विमा हाय आपला, खर्चाचं काय," म्हणत इंद्रभाननं आधी विनोदला फोन लावला.

माणसांची एक सवय मी पाहिली आहे. जे चारचौघांत बोलायला लाज वाटते, ते ती जनावराच्या शेजारी येऊन बोलतात. इंद्रभाननं फोन माझ्या डोक्याशी धरला होता. विनोदचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"आजाराचं नाई भेटत, मावसा. मेली तरच भेटते. मले वाटलं, तुमाले मालूम हाय. अन् मेलीच, त पुरायच्या आधी फोटो काढा. कानातला बिल्ला साफ दिसला पाह्यजे, नाईतर कंपनी ऐकत नाई."

फोन बंद झाला. दोघं एकमेकांकडे बघेनात. माझं वय झालेलं, कास बिघडलेली. डॉक्टरवर खर्च केला तरी मी वाचेनच असं नव्हतं, आणि वाचले तरी बाजारात मला कोणी विचारलं नसतं. विम्याच्या कागदावर मात्र माझी किंमत अजून भरल्या दुधाची होती. हे सगळं त्यांनी तोंडातून काढलं नाही. काढायची गरजच नव्हती.

"बिल्ल्यावर चिखल हाय," इंद्रभान एवढंच म्हणाला.

प्रयागबाई उठली. जुन्या लुगड्याचा फडका फाडला, रांजणातल्या पाण्यात भिजवला, पिळला आणि नवऱ्याच्या हातात दिला. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

इंद्रभान माझा कान पुसू लागला. हळूहळू, कोपऱ्याकोपऱ्यातून. आणि मी मूर्ख, मला वाटलं, माया करतोय. तापलेल्या अंगाला गार फडका बरा वाटला. मी मान लांब करून हनुवटी त्याच्या गुडघ्यावर ठेवली, आणि इतक्या दुखण्यातही पान्हा सोडला. सडातून दूध नाही आलं. रक्ताच्या गाठी आल्या, पू आला.

प्रयागबाईनं वळून पाहिलं.

"अवो," ती म्हणाली, "हे त खरंच दुखून राह्यलं होतं तिले."

तिनं चप्पलही घातली नाही. कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून मंगरूळपीरला गेली आणि जनावरांच्या डॉक्टरला पुढे घालून घेऊन आली. त्यांनी सुया दिल्या, कास रिकामी केली. "आधी का नाही बोलावलं?" त्यांनी विचारलं. इंद्रभान जमिनीकडे बघत राहिला.

मी वाचले. एक सड कायमचा गेला.

पण ललिताबाईनं कुंपणावरून इंद्रभानला कान पुसताना पाहिलं होतं, आणि विम्याच्या फोटोसाठी बिल्ला पुसतात हे तिला ठाऊक होतं. फडका कोणी दिला, ते तिला दिसलं नव्हतं. दूध घालायच्या केंद्रावर गोष्ट पोचली. "काय इंद्रभान, म्हशीले पावडर-गिवडर लावली का नाई? फोटो चांगला येते," लोक म्हणायचे. जित्या म्हशीचा कान पुसणारा, हे त्याचं नावच पडलं. त्यानं पारावर बसणं सोडलं. दूध घालायला तांबडं फुटायच्या आत जायचा आणि यायचा. बायकोचं नाव मात्र त्यानं एकदाही काढलं नाही.

प्रयागबाई मला दुप्पट ढेप घालायची. शिव्या देणं तिनं बंद केलं होतं. मला ती ढेप गोड लागत नव्हती. तिचा हात लाजलेला होता, आणि लाजलेल्या हातानं धार नीट निघत नाही.

वर्ष भरलं तसा विनोद पुन्हा आला. अंगणात आणखी चार माणसं जमली.

"मावशी, त्या वक्ताची चूक माही. म्या कागद धड वाचला नोता," तो म्हणाला. "औंदा भराचा का नाई, तूच सांग."

"भर की वो," ललिताबाई म्हणाली. "इंद्रभान भाऊचा फडका तयारच हाय."

दोन-तीन जण हसले. इंद्रभान उठून घरात जायला निघाला. प्रयागबाईनं त्याचा हात धरला.

"बसा," ती म्हणाली. मग विनोदकडे वळली. "विमा भर. हे मेली त दुसरी आणता येईन, तेवढ्याच कामाचा हाय तो. हे जगावी म्हणून नाई. असं आधी सांगत जाय लोकाईले." आणि मग ललिताबाईकडे न बघताच म्हणाली, "फडका म्या देला होता. भिजवून, पिळून देला. हे त मांगत बी नोते."

ललिताबाईनं पदर सावरला आणि भाजी गॅसवर आहे म्हणून निघून गेली.

आता मी तीन सडांवर दूध देते. कानात नवा बिल्ला आहे. आमचे विमे खुशाल काढा, परवडत असेल तर दरवर्षी भरा, त्याला माझी ना नाही. आमच्या पाठीमागे तुमचं घर बसू नये, हे मलाही कळतं. फक्त आम्ही खाली बसलो, तर आधी आमच्या डोळ्यात बघा, बिल्ल्याकडे मग. आणि आम्ही लाथ मारली, तर कुठे दुखतं ते विचारा.

इंद्रभान पुन्हा पारावर बसायला लागलाय. त्याला कोणी हिणवत नाही. हापशीवर बाया आता दुसरंच नाव घेतात, हलक्या आवाजात. ती हंडा भरेपर्यंत मान खाली घालून ऐकते. एरवी कोणाचं ऐकून न घेणारी ती एकदाही उलटून बोलत नाही. कारण ते नाव तिनं स्वतःच अंगणात सगळ्यांसमोर दिलेलं आहे: प्रयागबाई.