मिठाच्या चंद्राचं काय झालं

बॉक्स सेट आला त्या दिवशी नेव्हिलने सकाळीच उठून दाढी केली. स्वतःची स्वतः, चाचपडत, हनुवटीखाली दोन ठिकाणी कापून घेत. बेरिलने पाहिलं. म्हटलं, करतोय ना, करू दे. गेला हिवाळाभर तिचा हा धाकटा भाऊ खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होता. डोळ्यांसमोर मधोमध डाग पडत पडत मधलं सगळंच गेलं होतं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. समोर बसलेल्या बहिणीचे कान दिसत, चेहरा नाही. "तुझे कान जागेवर आहेत हं अजून," असं तो पहिल्यांदा गमतीने म्हणायचा, मग तेही म्हणेनासा झाला. जेवणाची ताटली अर्धी परत यायला लागली. डॉक्टरीण म्हणाली, यांचं मन कशात तरी रमवा. कशात, ते काही ती बाई सांगून गेली नाही.

मन रमण्यासारखी एकच गोष्ट नेव्हिलच्या आयुष्यात होती, आणि ती चाळीस वर्षांपूर्वीच हातची गेली होती. नगरपालिकेच्या पार्किंग खात्यात चिकटायच्या आधी, ऐन तारुण्यात, त्याने 'हॅलिडन नाका' नावाच्या टीव्ही मालिकेसाठी एक कथा लिहिली होती. अंतराळातला नाका, तिथली खमकी कप्तानीण, येणारी-जाणारी जहाजं, आणि कोणी दार आपटलं की थरथरणाऱ्या पुठ्ठ्याच्या भिंती. नेव्हिलच्या कथेचं नाव 'मिठाचा चंद्र'. ती मंजूर झाली, नटांच्या हातात कागदही पडले, आणि चॅनलने मालिकाच गुंडाळली. झालं. पण मालिका संपली तरी चाहते संपले नाहीत. त्यांनी क्लब काढले, मेळावे भरवले, आणि ही कधी न झालेली गोष्ट त्यांच्यात एखाद्या दंतकथेसारखी फिरत राहिली. मेळाव्यात लोक नेव्हिलला कोपऱ्यात गाठायचे. शेवटी कप्तानीण परत येते का हो? नेव्हिल हसायचा, पण सांगायचा नाही. वर्षातून एकदा का होईना, मोरकॅम गावच्या त्या पार्किंगवाल्याला लोक कोपऱ्यात गाठत होते, हे त्याला पुरत होतं.

आणि आता एका कंपनीने हक्क मिळवून न झालेल्या चार गोष्टींची ऑडिओ नाटकं केली होती. जे जुने नट हयात होते त्यांचेच आवाज, जाडजूड डबा, आत सीड्या, तोच हा बॉक्स सेट. तिसरी गोष्ट नेव्हिलची.

त्याच दुपारी दोघांनी ती ऐकली. बेरिलने चहा केला, तो तसाच राहिला. नेव्हिल पुढे झुकून बसला होता आणि नटांच्या बरोबरीने त्याचे ओठ हलत होते. इतक्या वर्षांनी त्याला शब्द न् शब्द पाठ होता. शेवटचं संगीत विरलं तेव्हा त्याने हात चोळले.

"बरी झालीय ना गं?"

"छान झालीय."

"आता बघ फोरमवर काय धुरळा उडतोय. सोडायचे नाहीत मला."

हे तो इतक्या आनंदात म्हणाला की बेरिलला वाटलं, चला, खुर्चीतून उठला एकदाचा हा माणूस.

फोरम म्हणजे या चाहत्यांचा इंटरनेटवरचा चव्हाटा. नेव्हिल पूर्वी तिथे दिवसरात्र पडीक असायचा. डोळे गेल्यावर पुतणीने त्याला वाचून दाखवणारं यंत्र आणून दिलं होतं, पण फोरमच्या दारातच चित्रांमधले सिग्नल ओळखून दाखवा म्हणायचे, आणि ते या माणसाने ओळखायचे कसे? तेव्हा वाचायचं काम बेरिलकडे आलं. तिला त्या मालिकेत काडीचा रस नव्हता. रस होता तो भावाने ताटली रिकामी करण्यात.

दुसऱ्या दिवशी तिने फोरम उघडला आणि वाचतच राहिली. बॉक्स सेटवर पानंच्या पानं भरली होती. डब्याच्या कण्यावरचा आकडा आधीच्या डब्यांपेक्षा बोटभर वर छापलाय, त्यामुळे फळीवरची सगळी रांग वाकडी दिसते, यावरून नुसता शिमगा चालला होता. एकाने डबा परत पाठवला होता. दुसऱ्याच्या पुठ्ठ्याचा कोपरा चेपला होता, त्याने फोटो टाकला होता, त्या फोटोखाली सांत्वनाला रीघ लागली होती. चित्रातल्या कप्तानिणीच्या कॉलरचा रंग चुकला होता. पहिल्या गोष्टीत दाराचा आवाज मालिकेच्या दुसऱ्या मोसमातला वापरलाय म्हणून दोघांची जुंपली होती आणि एकमेकांच्या अकलेपर्यंत मजल गेली होती.

तिसऱ्या गोष्टीबद्दल काही नाही. बेरिलने शेवटपर्यंत शोधलं. एकाने लिहिलं होतं, तिसरी अजून ऐकली नाही, वेळ मिळाला की बघू. दुसऱ्याने लिहिलं होतं, तिसरीत झोप लागली. संपलं. चाळीस वर्षं ज्या गोष्टीसाठी हे लोक जीव टाकत होते, ती हातात आल्यावर तिच्यावर धड चार शब्द खर्च करायला कोणाला सवड नव्हती. कसले हे चाहते आणि कसलं ते प्रेम.

"वाच ना," पलीकडून नेव्हिल म्हणाला.

बेरिलने घसा साफ केला. "ब्रॅडफर्डचा एक जण लिहितो. तिसरी गोष्ट ऐकताना डोळ्यांत पाणी आलं."

"ब्रॅडफर्डचा? म्हणजे ऑस्विन. ऑस्विनच्या डोळ्यांत पाणी आलं?"

"आलं म्हणतोय खरं."

"आणखी काय म्हणतो?"

"आणखी काय म्हणायचं? अप्रतिम म्हणतो. संपूर्ण संचात हीच उत्तम."

नेव्हिल म्हणाला, "बरं. पुढचं वाच."

तिने पुढचं वाचलं, म्हणजे रचलं. रोज रचत गेली. लीड्सची एक बाई, वेल्समधला एक मास्तर, सगळे भारावलेले. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण भाऊ जेवत होता ना. बटाट्याचा थर दिलेला खिमा त्याने मागून घेतला. एकदा तर समुद्राकाठी बाकावर जाऊन बसला, ओहोटीचा वास घेत. आणि एका सकाळी म्हणाला, "या रविवारी क्लबला जाऊ. तू पोचव मला."

आता आली का पंचाईत. बेरिलने स्वयंपाकघराचं दार लावून ग्लिनला फोन केला. ग्लिन म्हणजे क्लबचा अध्यक्ष, स्वभावाने गरीब, नेव्हिलचा जुना दोस्त.

"ग्लिन, तुमच्या लोकांना ती गोष्ट कशी वाटली?"

"बेरिल, तुझ्यापाशी काय लपवू? बहुतेकांनी ऐकलीच नाहीये. एक-दोघांनी अर्ध्यात सोडली."

"आणि तू?"

"मी पूर्ण ऐकली. वाईट नाही गं. तेव्हा झाली असती तर फार चांगली वाटली असती."

"हे त्याला सांगायचं नाही. काय वाटेल ते कर, पण रविवारी सगळ्यांनी चांगलं बोलायचं. नुसतं चांगलं. हा परत त्या खुर्चीत बसला ना, तर या खेपेला उठायचा नाही, सांगून ठेवते."

"नुसतं चांगलं?" ग्लिन कसनुसं हसला. "सवय नाही गं त्यांना. पण बजावतो सगळ्यांना."

लँकेस्टरच्या एका पबच्या माडीवर क्लब भरायचा. दुपारची वेळ, खाली लोक रविवारचं जेवण हाणत होते, वर ओल्या कोटांचा वास. नेव्हिलने टाय लावला होता. त्याला मधल्या खुर्चीत बसवलं, हातात ग्लास दिला.

त्या माडीची एक रीत होती, आणि ती बेरिलला ठाऊक नव्हती. इथे 'पण' लावल्याशिवाय कोणी कशाची स्तुती करत नसे. एखाद्याचा एखाद्या गोष्टीवर जीव असला की तो म्हणायचा, आजवरची सर्वोत्तम, पण दुसऱ्या भागातलं घड्याळ चुकलंय. आणि मग त्या घड्याळावर तासभर रणकंदन व्हायचं. गोष्ट जितकी लाडकी, तितकी खुसपटं जास्त. ज्या गोष्टीत कोणी खुसपट काढलं नाही, ती मेली म्हणून समजावं.

आधी ऑस्विन बोलला. "नेव्हिल, अप्रतिम."

नेव्हिलने मान डोलावली आणि वाट पाहिली. ऑस्विन पुढे काही बोलेना.

"मनाला भिडली," डिलिस म्हणाली. या डिलिसने एकदा नाक्याच्या एका झडपेवर क्लबच्या मासिकात लांबलचक लेख लिहून त्या भागाच्या लेखकाला रडवलं होतं.

"पण?" नेव्हिलने विचारलं.

"पण कसलं आलंय? सुंदर."

मग तिसरा, मग चौथा. सगळे एका सुरात, शाळेतली पोरं पाहुण्यांपुढे कविता म्हणतात तसे. बेरिल दाराशी बसून मनात ग्लिनला दुवा देत होती. नेव्हिलच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत चाललं होतं, ते तिच्या लक्षात आलं, पण तिला वाटलं, दमला असेल.

"एक विचारू?" नेव्हिल म्हणाला. "शेवटच्या भागात कप्तानीण नाक्याचं दार आतून उघडते बघा. मालिकेत त्या दाराला आतून कडीच नव्हती. लिहिताना माझ्याकडून राहून गेलं. कोणाला खटकलं नाही?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एरवी एवढ्यावर खुर्च्या उडाल्या असत्या.

"तेवढं चालतं रे," ऑस्विन म्हणाला.

"मला तर तो प्रसंग फार आवडला," डिलिस म्हणाली. "अंगावर काटा आला."

ग्लिन तेवढा खाली मान घालून ग्लासात बघत राहिला. नेव्हिलने सगळ्यांचे आभार मानले, ग्लास संपवला आणि बहिणीला म्हणाला, "चल, बस चुकायची."

बसमधून खाडी दिसायला लागली तेव्हा तो म्हणाला, "कप्तानीण दार उघडतच नाही गं. सबंध गोष्टीत ते दार कुठे येतच नाही."

बेरिलने खाडीकडे तोंड फिरवलं.

"तू सांगून ठेवलं होतंस ना त्यांना?"

"हो," ती म्हणाली. आता लपवून तरी काय उपयोग होता.

"आणि तुझा तो ब्रॅडफर्डवाला. पहिल्याच दिवशी कळलं मला. ऑस्विन त्याच्या आईच्या मयतीत फुलांच्या रंगावरून वाद घालत होता. तो नुसतं अप्रतिम म्हणून गप्प बसेल?"

"मग बोलला का नाहीस, गाढवा? आठवडाभर मला रचायला लावलंस."

"बरं वाटत होतं ऐकायला. आणि मला वाटलं, तू गाळतेयस. शिव्या घातल्या असतील लोकांनी, त्या गाळून माझ्यासाठी गोड काहीतरी सांगतेयस. शिव्या घातल्या म्हणजे ऐकली, असा हिशोब केला मी. त्या स्वतःच्या कानांनी ऐकाव्यात म्हणून तर आलो. फोरमवर आहेत का शिव्या?"

"नाहीत रे."

"थोड्याशासुद्धा?"

"डब्याला आहेत. आकडा वर छापलाय म्हणून."

नेव्हिलने मान हलवली. "तो वर छापलाय खरा," तो म्हणाला. "हात फिरवला की कळतं."

घरी आल्यावर तो टाय न काढताच खुर्चीत बसला. बेरिलने अंडी उकडली, पाव भाजला, समोर आणून ठेवला. त्याने हात लावला नाही. आग्रह करावा असं तिला वाटलं, पण आता कोणत्या तोंडाने आग्रह करणार? तीही समोर बसून राहिली. बाहेर भरती चढत होती.

"बेरिल."

"काय रे?"

"तू तर ऐकलीस. माझ्या शेजारी बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाकीचे गेले उडत. तू एक खुसपट काढ. एकच. काही का असेना. मी रागावणार नाही, उलट आपण भांडू थोडा वेळ."

त्याच्या आवाजात इतकी आशा होती की बेरिलला रडू कोसळेल असं वाटलं. ती आठवायला लागली. त्या दुपारी ती शेजारी बसली होती खरी. सगळा वेळ त्याच्याकडे बघत होती. त्याचे ओठ हलत होते, तो कुठे हसला, कुठे त्याने श्वास धरला, हनुवटीखालचं रक्त कसं सुकलं होतं, सगळं तिला लख्ख आठवत होतं. गोष्टीतलं अक्षरही आठवत नव्हतं. कप्तानीण परत येते का, हेसुद्धा तिला सांगता आलं नसतं. काहीतरी बोलायला तर हवं होतं. तो डोकं वाकडं करून, डोळ्याच्या कडेने तिचा चेहरा शोधत होता.

"आवाज जरा मोठा होता," ती शेवटी म्हणाली.

"तो मी वाढवला होता," नेव्हिल म्हणाला.