मोकळ्या पेशी

विभागप्रमुखांनी कागद पुढे सरकवला आणि सही कुठे करायची ती जागा पेनाच्या टोपणाने दाखवली. चारच ओळी होत्या. उबवणीच्या कपाटाचं तापमान वाढलं, ते परिचर बाईंच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे बारा बशांमधला प्रयोग वाया गेला, याबद्दल त्या दिलगीर आहेत.

मावशींनी चष्मा लावून चारही ओळी वाचल्या. मग कागद आला तसाच परत सरकवला.

"सर, कपाट तापलं नव्हतं."

सर रागावले नाहीत. ही नुसती रीत आहे, समितीला काहीतरी कारण द्यावं लागतं, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं त्यांनी दोनदा समजावलं. मावशी मान डोलवत राहिल्या. सही मात्र केली नाही.

सगळा विभाग त्यांना अंडीमावशी म्हणायचा, तोंडावरही. सव्वीस वर्षं त्या कोंबडीची अंडी उबवत होत्या, पण पिल्लू एकही बाहेर पडलं नव्हतं. आपल्या हातून कोणाचं बारसं व्हायचं नाही, असं त्याच हसून सांगायच्या. अंड्यांवर तारीख घालायची ती पेन्सिलीने, कारण कवच श्वास घेतं आणि शाई आत झिरपते. तापमान दिवसातून चार वेळा वहीत. दुसऱ्या दिवशी कवचाला नखाएवढी खिडकी पाडली की आत तांदळाच्या दाण्याएवढा जीव दिसायचा. त्याच्या पाठीवर एक नळी, आणि नळीच्या माथ्यावरून उतरून पेशी चालू लागायच्या. कोणी जबड्याकडे जायची, कोणी मज्जातंतू व्हायची, कोणी पिसाला रंग द्यायला दूर निघून जायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मावशींनी जुन्या मॅडमना, म्हणजे तेव्हाच्या विभागप्रमुखांना, विचारलं होतं, यांना वाट कोण सांगतं? त्याच एका प्रश्नावर आम्हा सगळ्यांची नोकरी चालली आहे, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

प्रयोग तसा सोपा. नळीवरच्या पेशी काढून काचेच्या बशीत ठेवायच्या आणि जरा अंतरावर, पेशींना बोलावणाऱ्या द्रवात भिजवलेला एक बारीक मणी. एका दिवसात पेशी मण्याकडे सरकतात. त्या बारा बशांमध्ये मात्र त्या चुकल्या वासरासारख्या जागच्या जागी घुटमळल्या होत्या.

का, ते मावशींनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताच ओळखलं होतं. भिंतीवर जुन्या मॅडमच्या अक्षरातला कागद होता : 'पेशी मोकळ्या करून ठेवाव्यात.' मोकळ्या म्हणजे भोवतीच्या पापुद्र्यातून मोकळ्या, पुंजक्याने. इथे सगळे ते एकमेकांचं बघून शिकले, कागद कोणी वाचलाच नव्हता. त्या बारा बशा मांडणारी नवी संशोधक बाहेरून आलेली आणि लिहिल्या शब्दाप्रमाणे चालणारी. तिने कागद वाचला आणि एकेक पेशी दुसरीपासून मोकळी केली, दोन दिवस मान मोडून.

घरी मावशींच्या यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. ते बस चालवून निवृत्त झालेले. कोणाच्याही चुकीने गाडी घासली तरी डेपोत सही चालकाचीच, असं म्हणाले, आणि हात दाखवून अवलक्षण कशाला, असंही.

"अहो, मी सही केली तर ती वही खोटी ठरते," मावशी म्हणाल्या. "सव्वीस वर्षांची."

थोड्या वेळाने यजमानांनी आपणहून चहा टाकला, म्हणजे भांडण मिटलं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी संशोधकबाईंना सोबत घेतलं आणि सहा बशा मांडल्या. तीनमध्ये पेशी सुट्या, तीनमध्ये पुंजक्याने, सगळ्या एकाच कपाटात, एकाच फळीवर. चोवीस तासांनी पाहिलं. सुट्या तिथेच फिरत होत्या. पुंजके मात्र मण्याच्या दिशेने अर्ध्याहून जास्त अंतर कापून गेले होते.

संशोधक बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेना. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझंच चुकलं. पण मावशी, हाक तर प्रत्येकीला ऐकू जाते ना?"

"जाते हो ताई. पण एकटीला दिशा धरवत नाही. शेजारणीचा धक्का लागला की तिला कळतं, इकडे जागा नाही, तिकडे आहे. धक्काबुक्की करत करतच जातात त्या बिचाऱ्या."

संशोधकाने स्वतः जाऊन सरांना बोलावलं, चूक आपली होती हे त्यांच्या तोंडावर सांगितलं. सरांनी सहाही बशा नीट पाहिल्या, छान आहे म्हणाले. मग मावशींना बाजूला घेऊन सांगितलं, समितीला तापमानाचं कारण आधीच कळवून झालंय. आता शब्द फिरवला तर विभागाची शोभा होईल. तेवढी सही करून टाका.

"सर, बशा तुम्ही आत्ता बघितल्यात," मावशी नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या. "आता तर मुळीच नाही करणार."

सोमवारी त्यांची बदली खाली, काचभांडी धुण्याच्या खोलीत झाली. मोठं मोरीवजा सिंक, एक वाळवणीची घडवंची, आणि उंचावर एक जाळीची खिडकी. सूक्ष्मदर्शक नाही. दोन दिवसांच्या अंड्यातलं ते चालणं आता त्यांच्या नजरेला पडणार नव्हतं. वरून बशा यायच्या त्या रिकाम्या, तळाशी काहीतरी वाळून चिकटलेलं. मावशी ते नखाने न खरवडता कोमट पाण्यात भिजवून काढत. पहिल्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले. कोणी आलं नाही, तेव्हा पुसायचीही घाई नव्हती.

सहीचा कागद मात्र त्यांच्या मागोमाग खाली आलाच. दर शुक्रवारी कार्यालयातले लिपिकभाऊ फाइल घेऊन दोन मजले उतरायचे. फाइल बंद करायला सही लागते, माझ्या मागे का लावता हे झेंगट, म्हणून कुरकुरायचे. मावशी सिंकपाशी उभ्या राहून दोन्ही हात दाखवायच्या. "भाऊ, हात ओले आहेत. कागद भिजेल." लिपिकभाऊ थोडं थांबायचे, गुडघ्यांना नावं ठेवायचे आणि जिना चढून जायचे.

अकराव्या शुक्रवारी काम लवकर आटपलं. बशा धुऊन, पुसून, कपाटात गेल्या होत्या. मावशींनी हात कोरडे केले, बाह्या खाली घेतल्या, पिशवी खांद्याला लावली. तेवढ्यात जिन्यात ती जड पावलं वाजली.

मावशींनी पिशवी खाली ठेवली, बाह्या पुन्हा वर सारल्या, आणि शांतपणे नळ सोडून दोन्ही हात धारेखाली धरले.