ओसंडलेला ड्रम

मित्रांनो, पोटात दगड, कोळसा आणि वाळू भरलेल्या एका जुन्या निळ्या ड्रमाचे कुणी का ऐकावे, असे मला नेहमी वाटते. मला नीट सांगता येईल, याचीही खात्री नाही. पण एक गोष्ट मला वेळेवर सांगता आली नाही. ती आज सांगतो.

माझे पहिले दिवस चिकलठाण्याच्या एका बिस्किट कारखान्यात गेले. माझ्यातून ग्लुकोजचा पाक यायचा. मी रिकामा झालो, तेव्हा तिथले फिटर सूर्यभान यांनी मला सायकलवर आडवे बांधून पुंडलिकनगरातल्या आपल्या घरी आणले.

त्यांची पत्नी बानाबाई दारातच म्हणाल्या, "ह्यो ढोल कशाला आणला? वरात काढायची का कुणाची?"

"पावसाची," सूर्यभान म्हणाले.

गल्लीतल्या मारुतीच्या देवळात एका इंजिनिअरने गच्चीवरचे पाणी गाळून बोअरमध्ये कसे सोडायचे, ते समजावले होते. सूर्यभान यांनी ते वहीत उतरवून घेतले होते. त्यांनी माझ्या तळाला भोके पाडली, गच्चीचा पाइप वरून जोडला आणि खालचा बोअरकडे नेला. पण मला भरताना त्यांचा घोटाळा झाला. वाळू खाली आणि दगड वर! दोन सरी पडल्या आणि सगळी वाळू पाइपात जाऊन बसली.

बानाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "माहेरी अजिंठ्याकडं प्यायच्या पाण्यासाठी नदीच्या वाळूत झिरे उकरलेत म्या. वाळू वर असती, गोटे खाली. वहीत नाय का लिवलं?"

मग दोघांनी मिळून मला पुन्हा भरले. तळाला दगड, त्यावर खडी, मग कोळसा आणि सगळ्यांत वर वाळू.

पूर्वी तो बोअर होळीलाच आटायचा. आता पुढच्या पावसापर्यंत पुरू लागला. लोक मला पाहायला यायचे, माझ्या अंगावर थाप मारायचे. मी मोठा झालो होतो.

दर वैशाखात सूर्यभान माझी वाळू घमेल्यात काढत आणि दहा घागरी पाणी ओतून धूत. बानाबाईंचा जीव तुटायचा. "पाणी साठवायला पाणी उधळायचं, हे कुठलं शास्त्र?"

"वाळू गाळ खाती, बाने. तिचं पोट साफ नको का करायला?" ते हसत म्हणायचे. म्हणून बानाबाईंना ती थट्टाच वाटायची.

एका थंडीत सूर्यभान छातीच्या दुखण्याने गेले. मुलगा रामकिसन पुण्याहून आला. "माय, आता चल माझ्यासंगं. एकटीनं पाणी भरणं व्हायचं नाय तुला."

"बोअरला पाणी हाय तवर मी इथंच. ह्या घराच्या भिंतीवर आम्ही दोघांनी पाणी मारलंय."

"आणि आटला तर?"

"तर येते. जबान देते."

त्यानंतर बारा सालचा दुष्काळ आला. नळाला आठव्या दिवशी पाणी येऊ लागले. शेजारचा बद्रीनाथ म्हणाला, "काकू, वाळू धुवायची राहिली. मी धुऊन देतो."

"नको रे बाबा. माणसाला प्यायला नाय, वाळूला कुठून आणू? आन् त्यांच्या हातचे थर हायेत ते. राहू दे."

त्या रोज पदराने माझे अंग पुसायच्या. आत मात्र रस्त्याची धूळ, लिंबाचा पाला, कबुतरांची घाण साचत होती. दुसऱ्या वैशाखातही वाळू कुणी हलवली नाही. तिच्यावर भाकरीसारखा पापुद्रा धरला.

पुढच्या पावसाळ्यात आभाळ मोकळ्या हाताने बरसले. गच्चीचे पाणी धो धो आले, वाळूवर थबकले आणि माझ्या काठावरून बाहेर सांडू लागले. बानाबाई भिजत अंगणात धावत आल्या.

"बोअर भरला! बद्री, बघ, भरून वाहायला लागला!"

त्या घरात गेल्या, सूर्यभान यांच्या तसबिरीला सांगून आल्या आणि गल्लीत घरोघर साखर वाटली. मित्रांनो, तेव्हा माझ्या तळाला एक थेंबही पोचला नव्हता. सगळे पाणी गटारीत चालले होते. मला तोंड असते, तर मी ओरडलो असतो.

संक्रांतीआधीच बोअरची मोटर नुसती हवा ओढू लागली. बद्रीनाथने माझे झाकण काढले, खुरप्याने पापुद्रा फोडला. बानाबाईंनी कोपरापर्यंत हात आत घातला.

"हे तर कोरडं हाय."

"व्हय काकू. ह्या पापुद्र्यानं पाणी आत जाऊच दिलं नाय. वरच्या वर वाहून गेलं सगळं."

त्यांनी हाताची वाळू पदराला पुसली. मग एवढेच म्हणाल्या, "मी साखर वाटली रे."

रामकिसन आला. "माय, टँकर लावू आपण," असेही म्हणाला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. जबान दिली होती.

निघायच्या दिवशी नळाला पाणी आले. बानाबाईंनी दहा घागरी भरल्या, एकेक घमेले काढून वाळू धुतली, पाणी नितळ येईपर्यंत धुतली. रिक्षावाला बाहेर भोंगा वाजवत होता. त्यांनी थर पुन्हा लावले, झाकण बसवले आणि ओल्या हातांनीच त्या रिक्षात बसल्या. मागे वळून पाहिले नाही.

त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. पण पडला तेवढा माझ्यातून झरझर उतरला. बोअर भरला. घराला मात्र कुलूप होते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी असेल. त्याला बाहेरून पुसू नका, आतून धुवा. काठावरून सांडणारे पाणी पाहून हरखू नका, खालच्या पाइपाला हात लावून पाहा. आणि घरात कुणी एकटाच हे काम जाणत असेल, तर तो आहे तोवर त्याच्या शेजारी बसून शिकून घ्या. नंतर विचारायला कुणी नसते. मी तर ड्रम आहे, मला वेळेवर सांगता येत नाही.