पाच हजारांचा बेल्लिनी

नाटकगृहातल्या शिवणकामातून निवृत्त झाल्यापासून अगातिनोला एकच नाद लागला होता, युरो येण्याआधीच्या, आता बाद झालेल्या इटलीच्या लिरांच्या नोटांचा. त्याही सरसकट नाहीत. ज्यांच्यावर चित्रकार, संगीतकार असतील तेवढ्याच. "राजांची तोंडं कुठलाही देश छापतो," तो बायकोला, व्हेनेराला, ऐकवायचा. व्हेर्दी होता, राफाएल होता, काराव्हाज्जो होता. पण आपल्या कातानिया शहराचा म्हणून पाच हजारांवरचा संगीतकार बेल्लिनी सगळ्यांत लाडका. त्याच्या अकरा नोटा एका वहीत लावलेल्या होत्या.

सत्तरीनंतर त्याची आठवण विरत गेली. आधी नावं गेली, मग साल. एका सकाळी त्यानं वहीतून एक बेल्लिनी काढला, टोपी घातली आणि मासळीबाजारातून चक्क सार्डिन घेऊन आला. व्हेनेरा घाईघाईनं नुन्त्सिओ मासेवाल्याकडे गेली. त्यानं नोट ओली होऊ नये म्हणून खिशात जपून ठेवली होती.

"घ्या काकू. काही बोलू नका त्यांना."

"अरे, पण तुझं नुकसान?"

"माझ्या लग्नाचा कोट काकांनी शिवलाय. असू दे."

तिनं बळेबळेच युरो त्याच्या हातावर ठेवले. मग तसाच रिवाज पडला. अगातिनो पुढे जायचा, व्हेनेरा मागून जाऊन पैसे चुकते करायची, आणि तो दुपारी झोपला की नोट परत वहीत लावायची. दोन वर्षं हे चाललं.

एकदा नुन्त्सिओ आजारी पडला आणि गाळ्यावर त्याचा मेहुणा बसला. व्हेनेराला त्या दिवशी शेजारणीनं वाटेत अडवलं होतं. ती पोचली तेव्हा मेहुणा नोट उंच धरून सगळ्यांना दाखवत होता.

"आजोबा, लिरा मरून जमाना झाला. हा कोण, तुमचा भाऊ का?"

माणसं हसली. अगातिनोनं नोट घेतली, अंगठ्यानं सारखी केली, खिशात ठेवली. मग वाकून हळूच म्हणाला, "माझ्या बायकोला सांगू नका. तिला वाटतं, अजून चालतात."

व्हेनेरा त्याच्या पाठीशीच उभी होती. ती आल्या पावली मागे फिरली आणि त्याच्या आधी घरी पोचली.

"आज मासळी ताजी नव्हती," तो टोपी काढत म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. "अंडी करते."

त्यानंतर तो बाजारात गेला नाही. बरा झाल्यावर नुन्त्सिओ स्वतः सार्डिन घेऊन दारात आला. "काका, या ना उद्या. बेल्लिनी घेऊन या."

अगातिनोनं त्याच्याकडे अदबीनं पाहिलं. "आपण कोण?"

जानेवारीत तो गेला. दिलेल्या नोटा वहीत परत कशा येतात हे त्याला किती कळत होतं आणि किती नाही, हे व्हेनेराला विचारायचं होतं. जेवताना रोज समोर बसूनही तिनं ते विचारलं नव्हतं.